पद्मिनी चोर्ल्याच्या चढणीला बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते

साखळीचा_फियाटवाला:

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, ८४ चं मॉडेल, अजून जुन्या जीडी (गोवा, दमण आणि दीव) नंबरची. आजोबांची. ते गेल्यावर बरीच वर्षं शेडमध्ये झाकून होती, ती मी चालू केली. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी, मागे कधीतरी बोअर झालेलं. धूर नाही, ऑइल खात नाही. ऑइल, प्लग, पॉइंट, टॅपेट एवढी कामं मी घरीच करतो. आजोबांचं मॅन्युअल आहे, त्यांच्या पेन्सिलीतल्या शेऱ्यांसकट.

गावात फिरवली तर कसलीच तक्रार नाही. बेळगावला निघालो की मात्र केरी ओलांडून, अंजुण्याचं धरण मागे टाकून चोर्ला घाटाची चढण सुरू झाली की आधी ओढ कमी होते, मग दोन-चार आचके आणि बंद. सेल्फ मारत राहिलं तर क्षणभर पेट घेते आणि पुन्हा मरते. अर्धा-पाऊण तास कडेला उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. वर थोडं अंतर जाते, की पुन्हा तेच. टेंपरेचरचा काटा जागेवर असतो, पाणी कमी होत नाही.

आतापर्यंत केलेलं: कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, सोलेक्सचा) उघडून धुतला. गॅरेजवाल्याने ठिणगीकडचे पार्ट बदलले: आधी कॉइल, मग कंडेन्सर, मग प्लगच्या वायरी. प्रत्येक वेळी गावात चालवून बघितली, ठीक वाटली, पैसे दिले, आणि घाटात पुन्हा बंद. आता तो म्हणतो पेट्रोलचा पंप नवा टाकू, नाहीतर इंजिन उघडावं लागेल. इंजिन उघडायला माझी तयारी नाही.

आणखी काही माहिती, उपयोग झाला तर: लांब जायचं म्हणून निघताना साखळीत टाकी गळ्यापर्यंत भरतो. एरवी पाच-सात लिटरच्या वर टाकत नाही, कारण चवथीच्या आधी कोणीतरी रात्री पेट्रोल काढून नेत होतं. त्यासाठी चावीचं झाकणही बसवलंय. मागच्या वेळी तर रात्री, भर पावसात बंद पडली. बरोबर आई होती. बाकी तुम्ही समजून घ्या.


वास्को_११००:

व्हेपर लॉक. शंभर टक्के. पंप ब्लॉकला चिकटलेला, ब्लॉक तापतो, पंपातलं पेट्रोल उकळतं, वाफेला पंप ढकलू शकत नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचा उपाय करा: पंपावर ओलं फडकं गुंडाळा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात मी हेच करतो.


मांडवी_क्लासिक:

पॉइंट-कंडेन्सर हा ठिणगीचा जुना प्रकारच काढून टाका. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा आणि निवांत व्हा. मी बसवलंय, पुन्हा डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं) झाकण उघडलेलं नाही.


फोंड्याचा_फिटर:

आधी एक विनंती. आता एकही पार्ट विकत घेऊ नका. कॉइल, कंडेन्सर, वायरी बदलून झाल्या आणि अजून कोणालाच ठाऊक नाही की गाडी बंद पडते तेव्हा तिला ठिणगी मिळत नाही की पेट्रोल मिळत नाही. मी खाणीवरच्या वर्कशॉपात फिटर होतो. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा घरी बसलो, तेव्हापासून शेजारपाजारच्या जुन्या गाड्या बघतो. आमच्या फोरमनचा नियम होता: मशीन जिथे मेलं तिथेच त्याला तपासायचं. वर्कशॉपात ओढून आणेपर्यंत ते बरं झालेलं असतं, मग तुम्ही बऱ्या मशीनला औषध देत बसता. तुमचं नेमकं तेच चाललंय. घाटात मरणारी गाडी साखळीत तपासताय.

तुमच्या लिहिण्यात मला तीन गोष्टी दिसल्या.

एक, रात्री पावसातही बंद पडली. वास्कोवाल्यांचं व्हेपर लॉकचं वर्णन अगदी बरोबर आहे, पद्मिनीचा तो जुना आजार आहे. पण तो मे महिन्यातल्या दुपारचा. पावसाळ्यातल्या रात्री, बॉनेटवर पाणी पडत असताना तो व्हायला नको. झालाच तर उन्हात त्याहून जास्त व्हायला हवा.

दोन, टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते तेव्हाच त्रास.

तीन, चावीचं झाकण. ते तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी तिथेच थांबलो.

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी कुठे झाकणालाच बारीक भोक असतं, कुठे वेगळी नळी असते. ती वाट बंद असली तर टाकीत ओढ तयार होते. बाटलीला तोंड घट्ट लावून पाणी ओढलं की बाटली चेपते आणि पाणी यायचं थांबतं, तसं. आपला पंप म्हणजे रबरी पडदा आणि स्प्रिंग, त्याच्यात ओढायची ताकद ती किती. सपाटीला इंजिन पेट्रोल कमी मागतं, तेव्हा तो कसाबसा पुरवतो. चढणीला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मागणी वाढते, कार्बोरेटरच्या वाटीतली, म्हणजे त्यातल्या छोट्या साठ्यातली, पेट्रोलची पातळी उतरत जाते. आधी ओढ जाते, मग आचके, मग बंद. तुम्ही लिहिलंय त्याच क्रमाने. ठिणगी गेली तर बहुतेकदा गाडी दिवा घालवल्यासारखी एकदम जाते किंवा फटफट करते, अशी हळूहळू दमत नाही. बहुतेकदा म्हणतोय, नेहमी नाही.

आता भरलेल्या टाकीचा ढोबळ हिशेब बघा. समजा गळ्यापर्यंत भरल्यावर वर दोनच लिटर हवा उरली. साखळीहून चढणीला लागेपर्यंत लिटरभर पेट्रोल गेलं. म्हणजे दोन लिटर हवेला तीन लिटरची जागा व्यापायची आहे, दाब चांगलाच उतरला. पेट्रोलची वाफ त्यातला काही भाग भरून काढते, पण सगळा नाही. टाकीत पाचच लिटर पेट्रोल असेल तर वर भरपूर हवा आहे, लिटरभर गेल्याने तिला पत्ताही लागत नाही. म्हणून गावात त्रास नाही. आणि उन्हात टाकी तापते, आतली हवा फुगते, त्यामुळे उलट थोडी मदत होते. पावसाच्या रात्री टाकी गार पडते आणि ओढ वाढते. कडेला अर्धा तास उभी केली की झाकणाच्या रबरातून हवा झिरपून आत येते आणि गाडी सुरू. सगळे म्हणतात इंजिन थंड झालं म्हणून सुरू झाली. थंड झालं हे खरं, पण त्याच वेळात टाकीही भरली ना हवेने.

हा माझा अंदाज आहे, निदान नाही. निदान तुम्ही चोर्ल्याला करायचं. असं:

गाडी बंद पडली की सेल्फ मारत बसू नका. खाली उतरा, सरळ मागे जा आणि टाकीचं झाकण हळूच फिरवा. कान जवळ ठेवा. 'सुस्स' करून हवा आत गेली तर झाकण सैल ठेवून लगेच सेल्फ मारा. वाटी भरायला काही सेकंद लागतील. इंजिन गरम असतानाच गाडी चालू झाली आणि चढण चढली तर विषय संपला. हे पहिल्यांदाच करायचं. आधी बॉनेट उघडून खाटखुट करत बसलात तर तेवढ्यात हवा भरून जाते आणि पुरावा जातो.

आवाज आला नाही, तर बॉनेट उघडा. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या घशात वरून बघा, इंजिन बंद ठेवूनच, आणि हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडते ती झडप) एकदा झटक्यात ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, दोष ठिणगीकडे बघायचा. पिचकारी नाही तर वाटी कोरडी आहे. या एका पिचकारीत निम्मं दुखणं वेगळं होतं आणि पैसा लागत नाही. सिगरेट विझवून बघायचं एवढंच.

पिचकारी असेल तर ठिणगी. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढा, रबराच्या मुठीच्या पक्कडीत धरून टोक ब्लॉकच्या कोऱ्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकड वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, केसासारखी आली तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतोय. नव्या पार्टवरही भरवसा ठेवू नका, आता येणाऱ्या कंडेन्सरचं काही खरं नसतं. कुठेही पेट्रोल सांडलेलं असेल तर मात्र ही तपासणी करायची नाही. पेट्रोलची नळी सोडली असेल तर अजिबातच नाही.

मांडवीकर, तुमचं इलेक्ट्रॉनिक किट चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण पेट्रोल येत नसेल तर ते किट काय करणार? आणि किट असलेल्या गाडीवर वरची ठिणगीची तपासणी करू नका, मॉड्यूल जाईल.


मडगावची_मॉरिस:

फिटरकाकांना माझा दुजोरा. माझी मॉरिस मायनर आहे, तिच्यात एसयूचा विजेवरचा पंप असतो आणि तो बोलतो. चावी फिरवली की टक-टक-टक, वाटी भरली की गप्प. चालताना मधूनच एखादी टक. एकदा तिची टकटक घाईची झाली, तेव्हा कुठेतरी हवा ओढतोय हे रस्त्यातच कळलं, नळीचा जोड ढिला होता. पद्मिनीचा पंप मुका, म्हणून तुम्हाला पिचकारी बघावी लागते.

आणखी एक गोव्यातलं कारण सांगते. माझ्या दिराच्या जीपला टाकीच्या हवेसाठी वेगळी बारीक नळी आहे. पावसाळाभर जीप उभी, आणि त्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. बाहेरून बघितलं तर चिखल उडालाय असं वाटावं. तारेने टोकरलं तर आत सुकलेले कोळी आणि अळी. ज्यांच्या गाड्या शेडमध्ये उभ्या असतात त्यांनी हवेच्या नळ्या, पाइपांची तोंडं एकदा तारेने बघून घ्यावीत.


वास्को_११००:

माशीचं माहीत नव्हतं! पण मी व्हेपर लॉक सोडत नाही. आताचं पेट्रोल इथेनॉलवालं आहे, ते लवकर उकळतं. आमच्या गाड्यांना पूर्वी एवढा त्रास नव्हता.


साखळीचा_फियाटवाला:

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरें करूं. झाकणाचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. गॅरेजवाल्यालाही सांगितलं नव्हतं, कारण झाकणाचा इंजिनशी काय संबंध! रविवारी बेळगावला जायचंच आहे, टाकी मुद्दाम गळ्यापर्यंत भरून जातो.

दोन शंका. पंपाचं रबर मूळचं असण्याची शक्यता आहे, ते बदलू का? आणि इथेनॉलचं खरंच काय करायचं? काही जण म्हणतात ई-२० ने (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने) जुनी इंजिनं खलास होतात.


फोंड्याचा_फिटर:

आता तू म्हणतो, वयाने लहान दिसतोस.

रबर मूळचं असेल तर बदलच. पार्ट अंदाजाने घ्यायचा नाही या माझ्या नियमाला हा अपवाद, कारण हा पार्ट नुसता बंद पडत नाही, नुकसान करतो. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घे. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा न टाकताच ऑइलची पातळी वर गेली असेल, तर गाडी चालवूच नको. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. ऑइल काढ, पंप दुरुस्त कर, नवं ऑइल टाक, मग सेल्फ मार.

आता इथेनॉल. वास्कोवाल्यांचं म्हणणं निम्मं खरं. सध्या पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल. त्याने इंजिन खलास होतं हे बाजारगप्पांतलं. पिस्टन, क्रँक, वॉल्व्ह यांना ते लगेच काही करत नाही. त्रास होतो तो इंजिनच्या आधीच्या वाटेवर.

पहिलं रबर. जुन्या काळचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग भेगाळतं. पंपाचा पडदा, नळ्यांचे तुकडे, वाटीचं पॅकिंग, कार्बोरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, सगळंच आलं. नळी घेताना दुकानदाराला नुसतं 'पेट्रोलची नळी' म्हणू नको, व्हायटॉनच्या अस्तराची माग. नळीवर आर-९ असं छापलेलं असतं ती चालते. काळी चकचकीत साधी नळी वर्षाच्या आत बोटाने चेपली की पिठासारखी लागते.

दुसरं पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा पितं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काय असतं? पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. टाकीत खाली पाणी-इथेनॉल, वर पेट्रोल. पंप ओढतो तळातलं. टाकीचा पत्रा आतून गंजतो, आणि कार्बोरेटरच्या जस्ताच्या अंगावर पांढरी पूड धरते. कार्बोरेटर धुतलास तेव्हा वाटीच्या तळाला अशी पांढरी भुकटी होती का? असेल तर टाकीचा तळ एकदा रिकामा करून बघ.

तिसरं जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नुसत्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा, इथेनॉलच्या एका किलोला नऊच. जेट तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. गाडी थंड असताना खोकते, चोक जास्त वेळ लागतो, प्लगचं नाक पांढरट दिसतं. प्लग काढून बघ. फिकट तपकिरी असेल तर जेटला हात लावू नको. पांढरा फटक असेल तर मेन जेट एका नंबरने मोठा घालून बघ. जेटला ड्रिल मारायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

किती टक्के आहे हे घरीच मोजता येतं. पोरांच्या प्रयोगशाळेतली १०० मिलिलिटरची आखणीची नळी घे. २० च्या रेघेपर्यंत पाणी, वर ८० पेट्रोल, एकूण शंभर. झाकून हलव, दहा मिनिटं ठेव. इथेनॉल पाण्यात जातं आणि खालचा थर वाढतो. तो ३६ च्या आसपास गेला तर ८० मध्ये १६ इथेनॉल, म्हणजे वीस टक्के. अंगणात कर, स्वयंपाकघरात नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नको.

गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असशील तर टाकीत थोडंसं पेट्रोल ठेवण्यापेक्षा एकतर भरून ठेव नाहीतर रिकामी. अर्धवट टाकी पावसाळ्यात सगळ्यात वाईट. चोरीचं म्हणशील तर गेटला कुलूप लाव, झाकणाला नको.


मांडवी_क्लासिक:

फिटरकाका, मान्य. पण विजेवरचा पंप मागे टाकीजवळ बसवला तर व्हेपर लॉक, मुका पंप, सगळेच प्रश्न मिटतात ना?


फोंड्याचा_फिटर:

मिटतात, आणि नवे येतात. बाजारात मिळणारे बरेच पंप इंजेक्शनच्या गाड्यांचे असतात, त्यांचा दाब कार्बोरेटरची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवते ती) धरू शकत नाही, पेट्रोल वाटीतून उतू जाऊन गरम मॅनिफोल्डवर पडतं. कार्बोरेटरला दोन-तीन पीएसआय पुष्कळ झाले. आणि विजेचा पंप इंजिन बंद झालं तरी चालूच राहतो. अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल ओततच बसतो. बसवायचाच तर ऑइल प्रेशरच्या स्विचवर जोडा, प्रेशर गेलं की पंप बंद. एवढं करायची तयारी असेल तर बसवा. मी बसवत नाही, मला बॉनेटखाली मूळची गाडी दिसलेली आवडते. तो माझा हट्ट समजा.


साखळीचा_फियाटवाला:

जाऊन आलो. सांगतो.

टाकी गळ्यापर्यंत. केरीपर्यंत ठीक. धरण मागे पडलं, वळणं सुरू झाली, तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात घातली, आचके, बंद. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला आणि सरळ मागे गेलो. बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. चावी फिरवून झाकण सैल केलं मात्र, 'सुस्स' असा लांब आवाज, आणि टाकीचा पत्रा आतून 'टप्' करून वाजला. बायको पुढे बसली होती, तिनेही ऐकला. सेल्फ मारला, थोडा वेळ लागला, आणि चालू! काटा जागेवर, इंजिन चांगलं गरम. झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून चढण चढलो. पेट्रोलचा वास आला, पण गाडी कुठेही अडली नाही.

बेळगावला झाकण उलटं करून बघितलं. वर चावीचं कुलूप, खाली पत्र्याची चकती आणि रबर. हवेसाठी भोक नाहीच. आजोबांचं जुनं झाकण आल्यावर शोधून काढलं, त्याच्या आतल्या चकतीला टाचणी जाईल एवढं भोक आहे. तेच बसवलंय. नंतर भरलेल्या टाकीने पुन्हा चोर्ला चढून आलो, तिसऱ्या गिअरमध्ये.

काका, पेढे पोचवतो, पत्ता निरोपात कळवा.

पण एक गोष्ट राहिली. बेळगावला भर दुपारी बाजारात गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी केली, नंतर चालू व्हायला फार त्रास दिला. पेट्रोलचा वास येत होता. सकाळी थंडीत मात्र पटकन होते.


वास्को_११००:

आता तरी म्हणा, उष्णता!


फोंड्याचा_फिटर:

म्हणतो. वास्कोकर, हा मान तुमचा.

हे दुखणं वेगळं. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापून घशात उतरतं, मॅनिफोल्ड ओलं होतं. म्हणजे तेव्हा पेट्रोल कमी नसतं, जास्त झालेलं असतं. अशा वेळी चोक ओढू नको, ॲक्सिलरेटर दाब-सोड करू नको, दर दाबेला ती पिचकारी आणखी पेट्रोल घालते. पाय तळापर्यंत दाबून तसाच धर आणि सेल्फ मार. हवा जास्त गेली की ओलं सुकतं आणि पेट घेते. पकडली की पाय उचल.

कायमचा इलाज: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधला उष्णता अडवणारा जाड तुकडा जागेवर आहे का बघ. बऱ्याच गाड्यांत कोणीतरी तो काढून नुसतं कागदी पॅकिंग घातलेलं असतं. वाटीतली पातळी मॅन्युअलप्रमाणे आहे का तेही बघ, जुनी सुई झिजली की पातळी वर चढते. आणि घाटातून आल्यावर चावी लगेच बंद करू नको, मिनिटभर आयडलवर राहू दे.

झाकणाच्या भोकाची एक काळजी. पावसात त्यातून पाणी आत जाऊ नये म्हणून भोक आतल्या चकतीलाच असतं, हवा कडेने वळून येते. चावीच्या झाकणाला ड्रिल मारायचा मोह झाला तर झाकण गाडीपासून लांब नेऊन, पुसून, वाळवून, आणि आतल्याच चकतीला. आरपार नको.

पेढे नकोत, शुगर आहे. बेळगावहून येताना कुंदाही नको, तोही तोच प्रकार. लाल मिरची चालेल.


मडगावची_मॉरिस:

काका, कुंदा माझ्याकडे वळवा.


साखळीचा_फियाटवाला:

मिरच्या नक्की. पंप काल खोलला. पडदा अजून फाटला नव्हता, पण कडेने लाटेसारखा फुगलेला, बोटाने ताणला तर भेगा दिसतात. ऑइलला वास नाही. वाटीच्या तळाला पांढरी भुकटी थोडी होती, टाकी पुढच्या रविवारी रिकामी करतो. किट आणलंय. पंप आणि ब्लॉकच्या मध्ये फायबरचा जाड तुकडा आणि दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग निघालं. कागद फाटला. किटमधला कागद जुन्यापेक्षा पातळ आहे. चालेल का, की उष्णता अडवायला मुद्दाम जाड घालू?


फोंड्याचा_फिटर:

जेवढी जाडी निघाली तेवढीच परत जायला हवी. जाड घातलंस तर पंप कॅमपासून लांब जातो, स्ट्रोक कमी पडतो आणि चढणीला पुन्हा पेट्रोल कमी. म्हणजे आलास फिरून चोर्ल्याला. पातळ घातलंस तर स्ट्रोक वाढतो, पडद्यावर ताण येतो, दाब वाढून पेट्रोल सुई ओलांडू शकतं. जुन्या कागदाचा फाटलेला तुकडा असेल तर व्हर्नियरने माप, नसेल तर मॅन्युअलमध्ये जाडी शोध. पॅकिंगचा कागद मीटरवर मिळतो, दोन-तीन जाडीचा आणून कात्रीने काप. भोकं पाडायला रिकामं काडतूस किंवा पंच वापर, खिळ्याने नको, कडा फाटतात. फायबरचा तुकडा तोच ठेव, फक्त सपाट काचेवर ठेवून डगमगतो का बघ. डगमगला तर काचेवर पॉलिश पेपर पसरून हलक्या हाताने घास.

पडदा बसवताना स्क्रू आधी सैल ठेव, लिव्हर पूर्ण दाबून धर, मग समोरासमोरचे आवळ. लिव्हर न दाबता आवळलेस तर पडदा ताणून बसतो आणि महिन्याभरात फाटतो.